पोराला बेरीज घरी शिकवा, पण वही जरा लांब ठेवा



लागण, खोडवा, पाचट, ठिबक यांवर या पानात नेहमी लिहून येते. आज आम्ही चार ते सात वर्षांच्या पोरांच्या बेरजेविषयी लिहीत आहोत. कारखान्याच्या पत्रिकेत हे कशाला, असे कुणी म्हणेल. भरलेल्या ट्रॉलीचे वजन, रिकाम्या ट्रॉलीचे वजन आणि निव्वळ वजन असे तीन आकडे काट्याच्या पावतीवर येतात. ती पावती न बघताच खिशात घालणारे सभासद आपल्यात आहेत, आणि त्यांत चांगली दहावी-बारावी झालेलेही आहेत. त्यांना वजाबाकी कुणी शिकवली नाही असे नव्हे. आकड्यांची धास्ती पहिली-दुसरीतच बसली आणि ती पुढे निघाली नाही, असे आमचे मत आहे.

ही धास्ती बसते कशी ते आपल्याच घरात संध्याकाळी पाहावे. बाप वहीवर ४ + ३ लिहून देतो. पोरगं बोटं मोजायला लागतं. "बोटं कसली मोजतोस? तोंडी सांग!" म्हणून बाप ओरडतो. मग पोरगं भीत भीत म्हणतं, आठ. बापाच्या कपाळाला आठी पडली की म्हणतं, सहा. दोन-चार दिवसांत त्याला कळून चुकतं, की मोजून काही उपयोग नाही, बापाच्या तोंडाकडे बघून ठोकून द्यावं हेच बरं. परगावच्या इंग्रजी शाळेची फी भरलेली असली तर ओरडा जरा जास्तच बसतो.

आमचे सांगणे एवढेच, की बोटे मोजू द्या. आपले बापजादे बोटांच्या पेरांवरच मोजत आले. अंगठा चार बोटांच्या पेरांवरून फिरवला की एका हातावर बारा मोजून होतात. उसालाही पेरे आणि बोटालाही पेरे, आपल्या पोराला हा शब्द शिकवावा लागत नाही.

लहान पोराला 'चार' हा आकडा आधी दिसावा लागतो, हाताला लागावा लागतो. चार चिंचोके, चार टिपरी, चार भाकरी. खुणेचा ४ त्यानंतर आला तरी चालतो. पुष्कळ पोरं शंभरापर्यंत धडाधड म्हणून दाखवतात आणि पाहुणे कौतुक करतात. पण त्याच पोराला "सात चिंचोके दे" म्हणा, ओंजळभर आणून देईल. एका वस्तूला एकच आकडा, एकही वस्तू सुटायची नाही आणि शेवटी जो आकडा आला तेवढ्या सगळ्या मिळून, एवढे पक्के झाल्याशिवाय बेरजेला हात घालू नये. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला एक न म्हणता 'लाभ' म्हणायची आपली रीत आहे. त्या म्हाताऱ्यांचे माप कधी चुकले नाही, कारण तोंडात शब्द कोणताही असो, एक माप आणि एक शब्द ही जोडी त्यांनी सोडली नाही.

आता बेरीज. चार चिंचोके एकीकडे, तीन दुसरीकडे. "मिळून किती?" पोरगं पहिल्यापासून मोजेल, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. मोजू द्यावे. हीच बेरीज आहे, यात कमी काही नाही. असे आठ-पंधरा दिवस गेले, की चार चिंचोक्यांवर वाटी पालथी घालावी. "वाटीखाली चार आहेत बघ. आता हे तीन. मिळून किती?" पहिल्यांदा पोरगं वाटी उचलून बघेल. उचलू द्या. एक दिवस ते वाटीवर नुसता हात ठेवील आणि म्हणेल, "चार... पाच, सहा, सात." न दिसणाऱ्या चारावर त्याचा भरवसा बसला. पहिलीतल्या पोराने वर्षभरात गणितात याहून मोठे काही केले नाही तरी आमची तक्रार नाही. पुढे दोन आणि सात दिले, तर ते आपणहून साताला धरून "आठ, नऊ" म्हणेल. मोठा आकडा आधी धर, हे सांगायची घाई करू नये. त्याचे त्याला सापडले की विसरत नाही.

मग मुठीचा खेळ. दहा चिंचोके मोजून घ्यायचे, काही मुठीत लपवायचे, बाकीचे दाखवायचे. सहा दिसतात, तर मुठीत किती? या खेळात बेरीज आणि वजाबाकी एकदमच येतात, आणि आजीला आवडतो. दहाच्या जोड्या, नऊ-एक, आठ-दोन, सात-तीन, तोंडात बसल्या की आठ आणि पाच अवघड जात नाहीत. पाचातले दोन आठाला दिले, झाले दहा, उरले तीन. सागरगोट्याच्या पाच गोट्या खेळणाऱ्या मुलींना हे असे तोडणे-जोडणे सरावाचे असते, तो खेळ घराघरांतून गेला याचे आम्हांला वाईट वाटते.

यात नवीन काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आधी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, आदिवासी पोरांना शिंपले, खडे, बिया, पाने हाताशी घेऊन शिकवले. महागडी साधने परवडणारी नव्हती, आणि अंगणातल्या वस्तूंनी काम अडलेही नाही.

दहाच्या पुढे मात्र आपल्या भाषेत जरा खाचखळगे आहेत. तेवीस म्हणताना तीन आधी, वीस मागून. लिहिताना दोन आधी. एकोणतीस तर तिसाला एक कमी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असे वाचन आले आणि विधानसभेपर्यंत गाजावाजा झाला. पोरांची अडचण खरी आहे, असे गणित समितीच्या डॉ. मंगला नारळीकर (निधन २०२३) सांगत होत्या, आणि ते आम्हांला पटते. पण घरात 'तेवीस'च बोलले जाणार. म्हणून आम्ही म्हणतो, पोराला मोळी बांधू द्या. दहा काड्या, वर दोरा, एक मोळी. दोन मोळ्या आणि तीन सुट्या काड्या हातात असल्या, की तोंडाने तेवीस म्हणा की वीस तीन म्हणा, पोरगं गोंधळत नाही. ऊसवाल्याच्या घरात मोळी समजावून सांगायला नको.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये निपुण भारत अभियान काढले आणि तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला वाचता यावे, साधे हिशेब यावेत, हे २०२६-२७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले. चांगले आहे. पण शाळा पाच-सहा तासांची, आणि एका बाईंपुढे पोरे किती असतात ते आपण पाहतो. वाटीखालचे चार घरातच पक्के व्हायचे.

आणि ज्यांचे घरच हंगामात फडावर असते त्यांचे काय? दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या, मराठवाड्यातल्या टोळ्या येतात. त्यांचे पहिलीतले पोर निम्म्या वर्षातच शाळेतून उठते आणि इकडे कोपीवर धाकट्याला सांभाळत बसते. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा आहे, जवळच्या शाळेत त्याचे नाव घालता येते, आणि ते घातले जाते की नाही हे ज्याच्या फडात टोळी आहे त्या सभासदाने विचारायला काय हरकत आहे? टोळीच्या उचलीचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. किती टन तुटला, किती फिटले, किती राहिले, हे आई-बापाला विचारावे तर "वहीत असेल" एवढेच उत्तर मिळते. त्या पोराला तरी उद्या वही वाचता यावी. त्याचा बाप आपला ऊस तोडतो, तेव्हा हे काम परके म्हणून सोडून देणे आम्हांला शोभत नाही.

म्हणून एक सूचना मांडतो. फाल्गुन-चैत्रात घरोघर चिंच फोडली जाते आणि चिंचोके उकिरड्यावर जातात. ते धुऊन, वाळवून, एक-एक पिशवी गट ऑफिसात आणून द्यावी. चिटबॉय फडावर जातातच, पुढच्या हंगामात त्यांच्या हाती कोप्यांवर आणि जवळच्या अंगणवाडीत पोचवता येतील. पिशवीबरोबर एक वाटीही द्यावी. तीन वर्षांखालच्या पोरांच्या हाती मात्र चिंचोका देऊ नये, ती नाकात-कानात घालतात. त्यांना मोजायला उसाची मोठी टिपरी बरी.