द्राक्षांच्या मुलखातील मुद्दल आणि व्याज

पर्यटन ही आता केवळ धनिकांची चैन राहिलेली नाही. नियमित बचत करणारे मध्यमवर्गीय कुटुंबही वर्षातून एकदा घराबाहेर पडते. भिलाईसारख्या औद्योगिक नगरीत तर ही ओढ अधिकच जाणवते. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून भिलाईचा पोलाद कारखाना आकारास आला, १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि त्याच्याभोवती रुंद रस्त्यांचे, क्रमांकांच्या सेक्टरांचे आखीव शहर उभे राहिले. या शहराला सर्व काही लाभले. लाभली नाही ती जुनी वेस, दगडी पायऱ्यांची गल्ली आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा वाडा. येथील मराठी कुटुंबांना जुन्या गावांचे आकर्षण वाटावे, हे त्यामुळे स्वाभाविकच आहे.

हे आकर्षण अलीकडे थेट इटलीपर्यंत पोहोचले आहे. सहलींच्या जाहिरातींत तस्कनी प्रांताच्या टेकड्या, त्यांवरील तटबंदीची गावे आणि उतारावरील द्राक्षबागा हटकून दिसतात. आयुष्यभराच्या बचतीतून युरोप पाहण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. परंतु थोड्या दिवसांत अनेक देश उरकणाऱ्या सहलीत हा मुलूख बसच्या खिडकीतूनच मागे पडतो आणि त्याने शिकविण्यासारखी गोष्ट शिकायची राहून जाते. ती गोष्ट अशी की, तेथे गाव, शेत आणि तळघरातील वाईन यांचा हिशेब वेगवेगळा मांडला जात नाही.

फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांमधील डोंगराळ भाग म्हणजे कियांती. १७१६ साली तस्कनीचा अधिपती तिसरा कोसिमो याने कियांतीच्या वाईनच्या सीमा राजाज्ञेने ठरवून दिल्या. मालाची ओळख भूमीशी बांधण्याचा हा जगातील अगदी आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक होय. जवळच्या सान जिमिन्यानो या गावात मध्ययुगात बहात्तर मनोरे होते असे सांगतात. त्यांतील चौदा आजही उभे आहेत. १९९० साली हे गाव जागतिक वारशाच्या यादीत आले. सिएनाच्या नगरभवनात आंब्रोजो लोरेन्झेत्ती या चित्रकाराने १३३८-३९ मध्ये सुराज्य आणि कुराज्य यांची भित्तिचित्रे रंगविली. सुराज्याच्या चित्रात एका बाजूस गजबजलेली बाजारपेठ, तर वेशीच्या पलीकडे मशागत केलेली शेते आणि द्राक्षवेली आहेत. नगराचे सुख शेतापासून तोडून दाखविणे त्या चित्रकाराला मान्य नव्हते.

बँकेशी संबंधित वाचकांना याच सिएनाची आणखी एक ओळख सांगावयास हवी. १४७२ मध्ये स्थापन झालेली आणि आजही कार्यरत असलेली जगातील सर्वांत जुनी बँक, मोंते देई पास्की, या शहरातील आहे. तिच्या नावातील ‘पास्की’ म्हणजे कुरणे. १६२४ साली बँकेची पुनर्रचना झाली तेव्हा ठेवीदारांना हमी म्हणून मारेम्मा भागातील सरकारी कुरणांचे उत्पन्न तारण ठेवण्यात आले. शहरातील ठेवींच्या पाठीशी गावाकडचे गवत उभे होते.

अर्थात, हा मुलूख संकटातूनही गेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील बटाईची जुनी शेतीपद्धती कोसळली. १९६४ च्या कायद्याने नव्या बटाई करारांस मनाई केली. तरुण कारखान्यांकडे गेले आणि दगडी शेतघरे ओस पडली. ती घरे पुन्हा नांदती झाली, त्यामागे कृषी-पर्यटनाचा मोठा वाटा आहे. १९८५ साली इटलीने यासाठी स्वतंत्र कायदा केला. त्यातील मुख्य अट वरवर साधी, परंतु दूरदृष्टीची आहे: पाहुण्यांची व्यवस्था शेतीला पूरक असावी आणि शेती हाच मुख्य व्यवसाय राहावा. शेत मोडून विश्रामगृह बांधणाऱ्यास या नावाखाली धंदा करता येत नाही.

आता दृष्टी नाशिककडे वळवावी. दुर्गहून हावडा-मुंबई मार्गावरील गाडीत बसलेला प्रवासी गाडी न बदलता नाशिकरोडला उतरू शकतो. अनेक भिलाईकर मराठी कुटुंबे वणीच्या सप्तशृंगी देवीच्या किंवा त्र्यंबकेश्वराच्या दर्शनासाठी हा प्रवास करीतही असतात. त्याच परिसरात, महाराष्ट्र शासनाच्या २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर, वाईननिर्मितीने वेग घेतला. विंचूर येथे वाईन पार्क झाले, गंगापूर धरणाच्या आसमंतात पर्यटकांसाठी वाईन चाखण्याची दालने उघडली आणि ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक निर्देशांकही लाभला. आज सुट्टीच्या दिवशी तेथे तरुणांच्या मोटारींची रीघ लागते. पर्यटक येतो, पेला हाती घेऊन छायाचित्र काढतो आणि सायंकाळी परततो. दर्शनाला आलेले कुटुंबही देऊळ गाठून माघारी फिरते. दोघांच्याही हातून मधला मुलूख निसटतो.

हा मधला मुलूख कसा आहे? शहरातून धरणाकडे जाताना गंगापूर रस्त्यावर गोवर्धन नावाचे गाव लागते. हे नाव नाशिकच्या पांडवलेण्यांत सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी कोरलेले आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तेथील भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापणांची अक्षयनिधी ठेव गोवर्धनातील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि उरलेल्या हजारावर शेकडा पाऊण असा व्याजदर ठरला. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, असे लेखात स्पष्ट म्हटले आहे. हा व्यवहार नगरसभेत जाहीर करून दप्तरी नोंदविला गेला. मुदत ठेवीचा इतका जुना आणि इतका नेमका दस्तऐवज बँकेच्या कोणाही ग्राहकाला पाहावासा वाटेल. पण वाईन चाखण्यासाठी गोवर्धनावरून जाणाऱ्या किती जणांना त्याचा पत्ता असतो?

पुढे दिंडोरीकडे वळले की रामशेजचा बुटका किल्ला दिसतो. १६८२ पासून मोगली फौजांना त्याने काही वर्षे झुंजविले. दिंडोरी तालुक्यात वाघाड प्रकल्पाचे पाणी शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था आपापसांत शिस्तीने वाटून घेतात. द्राक्षाच्या घडामागची ही सहकाराची कथा कोणत्याही तटबंदीइतकीच प्रेक्षणीय मानावी लागेल. त्यापुढे वणी, सप्तशृंगगड आणि सातमाळा रांगेच्या पायथ्याशी चांदवड. तेथे अहिल्याबाई होळकरांच्या काळातील रंगमहालाचे लाकडी खांब आणि भित्तिचित्रे आहेत. एके काळी व्यवहारात चालणारा चांदवडी रुपया याच गावच्या टांकसाळीचा. वाईनला स्पर्शही न करणाऱ्या, वृद्ध आईवडिलांना सोबत नेणाऱ्या कुटुंबालाही दोन-तीन दिवस पुरेल एवढे येथे आहे.

शिवाय द्राक्षशेती ही केवळ पाहण्याची वस्तू नाही. इटलीत द्राक्षांची तोडणी शरद ऋतूत होते. नाशिकमध्ये एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी आणि हिवाळा सरता सरता तोडणी. गोडी छाटणीनंतरचा अवकाळी पाऊस किंवा तोडणीच्या तोंडावरची गारपीट वर्षभराची गुंतवणूक एका दिवसात बुडवू शकते. अशा कुटुंबाला एखाद-दुसऱ्या खोलीतील पाहुण्यांचे उत्पन्न मिळाले, तर ते पावसावर अवलंबून नसते. कर्जाच्या हप्त्याच्या दृष्टीने या फरकाचे मोल मोठे आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी-पर्यटन धोरण स्वीकारले, ते योग्यच झाले.

तथापि धोरणाने सर्व साधत नाही. शेतघरात स्वच्छ प्रसाधनगृह नसते, वृद्धांना पायऱ्या चढवत नाहीत, रजा मोजकी असते, त्यामुळे सर्व सोयींचे मोठे विश्रामधाम बरे, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. पण सोयी या मागणीनंतर येतात. सप्तशृंगगडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली धावू लागली, ती भाविकांच्या गर्दीमुळेच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पर्यटक वाढले की जमिनीचे भाव वाढतात, बागा मोडून बंगल्यांचे भूखंड पडतात, जुने वाडे पाडून लॉज उठतात. सान जिमिन्यानोसारख्या गावालाही गर्दीचा जाच चुकलेला नाही. म्हणूनच इटलीच्या कायद्यातील ती अट महत्त्वाची ठरते. शेती राहिली तरच पाहुणचाराला अर्थ आहे. पतपुरवठा करणाऱ्या संस्थांनीही प्रकल्प अहवालात खोल्यांची संख्या पाहताना बाग किती शिल्लक राहणार, हा प्रश्न विचारला पाहिजे.

हाच विचार छत्तीसगडलाही लागू पडतो. बिलासपूरजवळील रतनपूर ही कलचुरींची राजधानी. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी तेथूनच कारभार केला. टेकडीवरील राममंदिर त्यांच्याच काळातले. येथील मराठी माणसाचा या भूमीशी असलेला जुना धागा रतनपुरात आहे, तरी महामायेचे दर्शन घेऊन गाडी परत फिरते. तलावांच्या काठचे ते जुने गाव निवांतपणे पाहण्यास भिलाईहून एक मुक्काम पुरेसा आहे.

गोवर्धनच्या विणकरांनी स्वीकारलेली अट आजच्या पर्यटनालाही घालता येईल. जुनी गावे, पाणी, माती आणि ती कसणारी माणसे हे मुद्दल होय. पर्यटनाने त्याच्या व्याजावर जगावे. पर्यटकाने एक मुक्काम गावात करावा, भाजी-भाकरी तेथली खावी, द्राक्षे बागेतूनच विकत घ्यावीत आणि गल्लीतून पायी फिरावे. म्हणजे व्याज योग्य खात्यात जमा होते. बचतीचे महत्त्व जाणणाऱ्या कुटुंबांना हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. येत्या सुट्टीचा बेत आखताना तो स्मरणात ठेवला, तरी पुरे.