मशीन जुनी झाली, की तिचं काम?

व्हिडिओत वेळ पुरला नाही, म्हणून इथे लिहितोय.

1817 साली मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी 'त्रिंकोमाली' हे शिडाचं लढाऊ जहाज बांधलं. लाकूड मलबारी सागवान, वर्षानुवर्षं न कुजणारं. पण ते पाण्यात उतरलं तोवर नेपोलियनची लढाई संपलेली! माल एक नंबर, गिऱ्हाईकच गायब. इंग्लंडला नेलं आणि वर छप्पर घालून पंचवीसेक वर्षं नुसतं उभं ठेवलं.

मग तोफा कमी करून 1847 मध्ये ते कामाला लागलं. पुढे वाफेच्या जहाजांनी बाजार मारला, तेव्हा त्याच्यावर पोरांना जहाजाचं काम शिकवायला घेतलं. मालक बदलले, नाव बदललं, पण हे शिकवणं 1986 पर्यंत चाललं. आज हार्टलपूलला लोक तिकीट काढून ते बघतात.

आपल्या गोंदियात धानाचा हंगाम सरला की छोटी मिल बंद, बँकेचा हप्ता मात्र चालू. लगेच विकायची घाई कशाला? त्याच शेडमध्ये, त्याच मीटरवर हळद-मिरचीचं कांडप किंवा पिठाची चक्की बसते का, ते आधी बघा ना. माझं मत स्पष्ट आहे: रिकामी शेड ही मंदी नाही, आळस आहे.

अर्थात मूळ लाकूडच कच्चं असेल तर काही खरं नाही. सेकंडहँड मशीन घेताना बेअरिंग आधी बघा, रंग नंतर.