थकलेले लेकरू आळशी नसते

आठवीतली एखादी हुशार मुलगी अचानक म्हणते, फळ्यावरचे नीट दिसत नाही. एक डोळा दुखतो, रंग फिके दिसतात. काही आठवड्यांत बरे वाटते. पुढे काही महिन्यांनी पाय जड पडतो, हाताला मुंग्या येतात, चालताना तोल जातो. तेही ओसरते. घरचे म्हणतात, अभ्यास टाळायचे बहाणे! शेजारपाजारचे म्हणतात, बाहेरचे काही असेल. मग गंडेदोरे सुरू होतात आणि उपचाराचे मोलाचे दिवस वाया जातात.

ही लक्षणे मल्टिपल स्क्लेरोसिस या आजाराची असू शकतात. रोगाशी लढणारी आपलीच शक्ती यात मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसेवर उलटते. विजेच्या तारेवर जसे वेष्टन, तसे मज्जातंतूंवर मायलिनचे आवरण असते. ते जागोजागी खराब होते आणि मेंदूचा निरोप पुढे नीट पोहोचत नाही. हा आजार बहुधा तरुणपणी जडतो. पण शंभरातील तीन ते पाच रुग्णांना तो १८ वर्षांच्या आतच गाठतो. तो संसर्गाचा नाही आणि करणीचा तर नाहीच. मुळासकट बरा करणारे औषध आज नसले, तरी झटके कमी करणारी औषधे आहेत. त्यांपैकी फिंगोलिमॉडला अमेरिकेत २०१८ साली दहा वर्षांवरील मुलांसाठी मान्यता मिळाली.

परंतु झटका ओसरला म्हणजे लेकराचे हाल संपले, असे समजू नका. रात्रभर झोपूनही अंगातला थकवा जात नाही. पाठ केलेले आठवायला वेळ लागतो. उन्हात आणि तापात त्रास वाढतो. कधी लघवीला घाई होते आणि वर्गात सांगायची लाज वाटते. यातले काहीच बाहेरून दिसत नाही, म्हणून पोरीला आळशी ठरवले जाते. आजाराइतकाच हा शिक्का तिला खचवतो.

मुलांचे जीवन कसे चालले आहे हे मोजायला डॉक्टर २३ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. त्यात शरीर, मन, सवंगडी आणि शाळा अशा चारही बाजू असतात. मुलाला वेगळे विचारतात, आईबापाला वेगळे. दोघांची उत्तरे नेहमी जुळत नाहीत. म्हणून आम्ही म्हणतो, लेकराला कसे वाटते ते आधी लेकरालाच विचारा.

दुसरी गोष्ट, शाळा सोडवू नका. मुख्याध्यापकांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा. वर्ग तळमजल्यावर, उन्हातली कवायत माफ, लघवीला जायची मोकळीक, मधल्या सुट्टीत जरा पडायला जागा. एवढ्याला पैसा लागत नाही, समज लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत या आजाराचे नाव आहे. सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र काढा. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असल्यास ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिकही मागता येतो.

मातापित्यांनो, मुलाची नजर अचानक मंदावली किंवा हातपाय लुळे पडले, तर त्याच दिवशी मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या आणि मेंदूविकार विभागात दाखवा. औषध डॉक्टर देतील. 'मला झेपत नाही' म्हणणाऱ्या लेकरावर विश्वास ठेवणे मात्र आपल्याच हाती आहे.