पत्ता विकत मिळतो, वर्गणीदार नव्हे

ठरावीक दिवशी वाचकाच्या ई-मेल पेटीत येणारे नियतकालिक पत्र, म्हणजेच न्यूजलेटर, चालवणाऱ्या संपादकांना आणि संस्थांना एक सल्ला आग्रहाने दिला जातो : एकेक वाचक जोडण्यात वर्षे घालवण्यापेक्षा त्रयस्थ पुरवठादाराकडून ‘दर्जेदार’ वर्गणीदारांची यादी विकत घ्यावी आणि पहिल्या अंकापासूनच हजारोंपर्यंत पोहोचावे. या सल्ल्याच्या बाजूने मुख्यतः चार युक्तिवाद केले जातात आणि त्यांपैकी एकही हसण्यावारी नेण्याजोगा नसल्यामुळे त्यांचा क्रमाने परामर्श घेणे आवश्यक ठरते.

पहिला युक्तिवाद असा की, पुरवठादार आता प्रत्येक पत्ता पडताळून देतात. परंतु ही पडताळणी पत्त्याची रचना बरोबर आहे काय, त्यातील डोमेन अस्तित्वात आहे काय आणि समोरचा सर्व्हर त्या नावाचे पत्र स्वीकारतो काय, एवढेच तपासते. त्या पेटीमागच्या माणसाला ते पत्र हवे आहे काय, हे तिला कळूच शकत नाही. अशी यादी उघडली की ‘इन्फो’, ‘सेल्स’, ‘अकाउंट्स’ अशा नावांच्या, कोणा एकाच्या मालकीच्या नसलेल्या पेट्या तीत दिसतात, आणि त्यांच्या मागेपुढे स्पॅम ट्रॅप, म्हणजेच सापळ्याचे पत्ते, बेमालूम मिसळलेले असू शकतात. यांपैकी काही पत्ते मुद्दाम निर्माण करून संकेतस्थळांच्या पानांत दडवलेले असतात, तर काही फार पूर्वी बंद पडलेली खाती पुन्हा सुरू करून तयार केलेले असतात. ते वापरणारा माणूसच नसल्यामुळे त्यांवर पोहोचलेले पत्र हा यादी परस्पर मिळवल्याचा किंवा वर्षानुवर्षे निगा न राखल्याचा पुरावा मानला जातो. असा पत्ता पत्र निमूटपणे स्वीकारतो, म्हणून पडताळणीत तो हमखास उत्तीर्ण होतो. ज्या चाळणीतून सापळाच खाली उतरतो, तिच्या आधारावर दर्जाची हमी देणे हे फसवे आहे.

दुसरा युक्तिवाद हिशेबाचा आहे : हजारांतून शंभर टिकले तरी फायदाच. या हिशेबात उरलेल्या नऊशेंनी काय केले, हे धरलेलेच नाही. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४पासून मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांवर घातलेल्या अटींनुसार स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली राहिले पाहिजे, म्हणजे हजार पत्रांमागे अवघ्या तीन तक्रारी झाल्या तरी ही मर्यादा गाठली जाते. मर्यादा ओलांडली की पाठवणाऱ्याच्या डोमेनची पत ढासळते आणि मग ज्यांनी स्वतः होऊन नाव नोंदवले होते, त्यांची पत्रेही स्पॅमच्या पेटीत जाऊ लागतात. अनोळखींच्या मागे लागल्याचा दंड अखेर निष्ठावंत वाचकांना भरावा लागतो. पत्रे किती जणांनी उघडली याचे आकडे दाखवून पुरवठादार दर्जा सिद्ध करू पाहतात, पण अॅपलने २०२१मध्ये आणलेल्या गोपनीयतेच्या सुविधेमुळे पत्रातील चित्रे वाचकाने पत्र न उघडताही आपोआप उतरवली जातात, त्यामुळे उघडल्याची ती खूणही आता भरवशाची राहिलेली नाही.

तिसरा युक्तिवाद कायद्याचा आहे. अमेरिकेचा २००३चा कॅन-स्पॅम कायदा व्यापारी पत्रासाठी पूर्वसंमतीची अट घालत नाही, हे खरे आहे आणि ते मान्य केले पाहिजे. मात्र २०१८पासून लागू असलेल्या युरोपीय संघाच्या जीडीपीआर या नियमावलीनुसार, संमतीच्या आधारावर माहिती वापरणाऱ्यावरच ती संमती मिळाल्याचे दाखवून देण्याची जबाबदारी आहे. भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि निःसंदिग्ध असावी असे म्हटले आहे. येथे ‘विशिष्ट’ हा शब्द निर्णायक आहे, कारण एखाद्या बक्षीस योजनेच्या अर्जावर दिलेला होकार त्या योजनेपुरताच असतो. पुणे, न्यू जर्सी आणि बर्लिन येथील वाचक एकाच यादीत बाळगणाऱ्या मराठी न्यूजलेटरला केवळ अमेरिकी कायद्याची ढाल पुरणारी नाही.

चौथा युक्तिवाद सर्वांत आदरणीय आहे : छापील नियतकालिकेही अनोळखी घरी नमुना अंक पाठवतच होती. तथापि त्या अंकाचा कागद, छपाई आणि टपालहशील यांचा खर्च पाठवणाराच सोसत असल्यामुळे तो अंक कोणाला पाठवायचा याचा विचार त्याला करावाच लागे. ई-मेलमध्ये पाठवण्याचा खर्च नगण्य असतो आणि नको असलेले पत्र निवडून काढण्याचे कष्ट मात्र घेणाऱ्याच्या माथी येतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नमुना अंक मिळालेल्या गृहस्थाचे नाव वर्गणीदारांच्या वहीत तेवढ्यावर चढत नसे. त्याने मनीऑर्डर केली, तिच्या कुपनावर आपले नाव-गाव आणि ‘अमुक महिन्यापासून अंक पाठवावा’ एवढी ओळ लिहिली, म्हणजे तो वर्गणीदार होई.

याच जागी या खंडनाचा पाया आहे. ‘वर्गणीदार’ हे नाम असले, तरी त्याच्या पोटात मागणीची क्रिया आहे. पत्त्याची मालकी हस्तांतरित करता येते, दुसऱ्याने केलेली क्रिया मात्र कोणाला विकता येत नाही; म्हणून ‘विकतचा दर्जेदार वर्गणीदार’ ही संज्ञाच वदतोव्याघात आहे. नव्या न्यूजलेटरने पैसे खर्चच करू नयेत, असा याचा अर्थ नाही. समानधर्मी न्यूजलेटरमध्ये जाहिरात द्यावी, त्याच्या संपादकाने आपल्या नावाने ती आपल्या वाचकांपुढे ठेवावी आणि ज्याला रुची वाटेल त्याने स्वतः येऊन नाव नोंदवावे, या व्यवहारात विकत घेतला जातो तो केवळ परिचय. निर्णय वाचकाकडेच राहतो. नोंदणीनंतर दुहेरी संमतीची पद्धत पाळावी, म्हणजे दिलेल्या पत्त्यावर एक दुवा पाठवावा आणि तो दाबला गेल्यावरच नाव यादीत घ्यावे. निरोप घेण्याची सोयही प्रत्येक अंकात तितकीच सुलभ असावी, कारण ज्याला सहज जाता येते त्याच्याच राहण्याला संमतीचे मोल असते.

अशा रीतीने वाढलेली यादी दीर्घकाळ लहान राहील, परंतु तिच्यातील प्रत्येक नावापुढे त्याने होकार दिल्याची तारीख आणि वेळ असेल. विकतच्या यादीतही पुरवठादार तो रकाना भरून देऊ शकेल. मात्र त्यातली तारीख दुसऱ्याच कोणाला दिलेल्या होकाराची असेल.