घाट उतरताना बॅटरी भरलेली नको

बोरघाटात उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली की इंधन वाचतं, ही समजूत खोपोलीच्या क्रेनवाल्यांचा धंदा वर्षानुवर्षं चालवते आहे. ब्रेक तापून निकामी झालेला ट्रक पुढच्या गाड्यांवर जाऊन आदळला, ही बातमी आमच्याकडे कुणी पूर्ण वाचतही नाही. महामार्ग पोलीस सांगून थकले. आणि एवढा जीव धोक्यात घालून वाचतं काय? हल्लीच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की इंधन जाणंच बंद होतं. उतारावरची चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलला टाकलं की मात्र इंजिन चालू राहण्यापुरतं इंधन जळतच असतं.

हायब्रिड गाडीत तर न्यूट्रल म्हणजे चालून आलेलं उत्पन्न नाकारणं. माझ्या मेहुण्याने नुकतीच प्लग-इन हायब्रिड घेतली. तो राहतो दादरला, शनिवार-रविवारचं घर कर्जतला. आपल्या रस्त्यांवर हायब्रिड म्हणून ज्या दिसतात, ग्रँड व्हिटारा, हायराइडर, हायक्रॉस, त्यांना प्लग नसतो आणि बॅटरीही इवलीशी असते. ग्रँड व्हिटाराची जेमतेम पाऊण युनिटची. प्लग-इन आपल्याकडे अजून मोजक्या आणि महाग. पेट्रोल इंजिन आहेच, शिवाय घरच्या प्लगवर भरता येईल अशी पंधरा-वीस युनिटांची बॅटरी. मेहुण्याची रीत अशी, की पुण्याहून येताना लोणावळ्याच्या हॉटेलात जेवायचं आणि जेवण होईतो गाडी शंभर टक्के चार्ज करून घ्यायची. ‘फुकट आहे भावोजी, सोडायचं कशाला?’

सोडायचं, कारण पुढे घाट आहे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास, खोपोली शंभरच्याही खाली. माणसं आणि सामान धरून दोन टनांची गाडी साडेपाचशे मीटर खाली येते तेव्हा तिच्या नुसत्या वजनात तीन युनिट ऊर्जा असते. शाळेतलं गणित आहे, कुणीही करून पाहावं. त्यातली बरीचशी वाऱ्याशी आणि रस्त्याशी झुंजण्यात जाते, म्हणजे तेवढं अंतर फुकटात कापलं जातं. उरलेल्यातलं साधारण एक युनिट मोटर जनित्र होऊन बॅटरीत टाकू शकते. पण बॅटरी आधीच काठोकाठ असेल तर टाकणार कुठे? मग ती ऊर्जा ब्रेकच्या डिस्क तापवते.

‘एका युनिटचे पैसे ते किती?’ मेहुण्याचा प्रश्न रास्त आहे. एका युनिटवर अशी गाडी पाच-सहा किलोमीटर जाईल, खोपोली ते कर्जत अंतराचा तिसरा हिस्सा. पण पैशांपेक्षा मला ब्रेकची काळजी. मोटर वेग आवरते तोवर ब्रेकला काम कमी. मोटरने हात आखडता घेतला की बराचसा भार ब्रेक पॅडवर. म्हणून बॅटरीत दहावा हिस्सा तरी जागा ठेवून घाटाच्या तोंडाशी यावं. रविवारी संध्याकाळी लोणावळ्यात जी गाड्यांची रांग लागते ती विजेवर काढली की ही जागा आपोआप होते. छोट्या बॅटरीच्या हायब्रिडला हा पर्याय नाही. ती अर्ध्या घाटातच भरते, मग इंजिन मोठ्याने घुमायला लागतं आणि नवा मालक घाबरून सर्व्हिस सेंटरला फोन लावतो. घाबरू नये, तेव्हा पेट्रोल जळत नसतं, इंजिन नुसतं ब्रेकचं काम करत असतं. लिव्हरवर ‘बी’ असेल तर ते याच उतारांसाठी आहे. सपाटीवर त्याचा उपयोग नाही.

यात कर्जतकराला नवल वाटायचं कारण नाही. आमच्या स्टेशनात पुण्याकडे जाणारी गाडी थांबते ती मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावायला; वडा हा नंतरचा जोडधंदा. पळसदरीच्या पुढे ३७ मीटरला एक मीटर असा चढ आहे. १९२९-३० साली कल्याण-पुणे मार्गावर वीज आली, तेव्हा जीआयपी रेल्वेने मालगाड्यांसाठी स्विस घाटणीची इंजिनं आणली. त्यांच्या आवाजावरून लोक त्यांना ‘खेकडा’ म्हणत. हे खेकडे घाट उतरताना वीज बनवून वरच्या तारेत परत सोडायचे आणि त्याच वेळी घाट चढणारी गाडी ती ओढून घ्यायची. अट एकच: घेणारा हवा. मेहुण्याच्या गाडीत घेणारी ती बॅटरी आणि तिचं तोंड त्याने लोणावळ्यातच बंद केलेलं!

त्याही आधी, १९१५ साली, टाटांनी याच उताराची वीज केली होती. वळवण, लोणावळा, शिरवटा या तलावांतलं पाणी पाचशेएक मीटर खाली खोपोलीच्या वीजघरात आणलं आणि ती वीज मुंबईच्या गिरण्यांना पुरवली. १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीचं वीजघर सुरू झालं. आता त्याच भिवपुरीला एक हजार मेगावॉटचा उदंचन प्रकल्प करायचा करार टाटा पॉवरने २०२३ साली राज्य सरकारशी केला आहे. वीज मुबलक असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की खाली सोडायचं. त्यातही वरच्या तलावात जागा राखावीच लागते.

उतार सोडून एरवी काय करायचं, हे लोक जास्त विचारतात. लांबचा प्रवास असेल तर बॅटरी कर्जतच्या बाजारासाठी, चौकच्या फाट्यावरच्या खोळंब्यासाठी, जिथे पेट्रोल उगाच जळतं तिथे वापरावी. द्रुतगती मार्गावर एकसारख्या वेगात इंजिन चांगलं चालतं; तिथे ‘होल्ड’चं बटण दाबून वीज राखावी. एप्रिलमध्ये कर्जत तापतं तेव्हा निघण्याआधी प्लग लावलेला असतानाच एसी सुरू करावा, म्हणजे गाडी थंड करण्याची वीज घरच्या मीटरवर जाते. टायरमधली हवा वगैरे मॅन्युअलात आहे.

पण या सगळ्या युक्त्या प्लगच्या पुढच्या. युरोपीय आयोगाने प्रत्यक्ष रस्त्यावरच्या गाड्यांची माहिती गोळा करून २०२४ साली अहवाल दिला. प्लग-इन हायब्रिडचं प्रत्यक्ष उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघालं. मुख्य कारण असं, की लोक चार्जच करत नाहीत, निदान चाचणीत धरलं आहे तितक्या वेळा तरी नाही. मेहुण्याचं तेच चाललं आहे. त्याच्या सोसायटीत पार्किंगमध्ये पॉइंट घ्यायचा अर्ज समितीच्या टेबलावर पडून आहे, त्यामुळे सोमवार ते शुक्रवार ती गाडी न वापरलेली जड बॅटरी वाहत पेट्रोलवर फिरते. कर्जतच्या घरी पंधरा अँपिअरच्या साध्या प्लगवर रात्रीत बॅटरी भरते, पण ती आठवड्यातून दोन रात्री.

तेव्हा शोरूममध्ये जाण्याआधी स्वतःच्या पार्किंगमध्ये जाऊन बघा. गाडी रोज रात्री उभी राहते तिथे तुमच्या मीटरचा पंधरा अँपिअरचा प्लग नसेल आणि मिळण्याचं चिन्हही नसेल, तर प्लग-इन घेऊ नका. बिनप्लगची हायब्रिड घ्या. ती स्वस्त पडेल आणि पेट्रोलही कमी पिईल.