पाटात वाहिलं किती, रान प्यालं किती?

सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याला आवर्तन सुटलं की वसमतकडच्या एखाद्या चारीच्या टोकाला जाऊन उभं राहावं. भिजवायच्या असतात हळदीच्या चार सऱ्या, दार उघडलं की येतं मात्र चारीभर पाणी. रान भिजतं, उरलेलं नाल्यात जातं. नाल्याचं पाणी बघून रान किती प्यालं हे कुणी सांगू लागला, तर बारं धरणारा पोरगाही हसेल. मेंदूबाबत मात्र शिकलेली माणसं हाच हिशेब बिनदिक्कत मांडतात.

म्हणे, एफएमआरआयच्या चित्रात जिथे लाल ठिपका, तिथे मेंदू जास्त ऑक्सिजन जाळतो. पण हे यंत्र ऑक्सिजनचा खर्च मोजतच नाही. ऑक्सिजन देऊन रिकामं झालेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात किंचित ढवळाढवळ करतं. ते कमी झालं की संकेत वाढतो. सेइजी ओगावांनी 1990 साली उंदरांच्या मेंदूत दाखवलं ते हेच. ठिपका उजळतो तो सहसा ऑक्सिजन उरल्यामुळे!

फॉक्स आणि राइकल या संशोधकांनी 1986 मध्ये पेट स्कॅनने रक्तप्रवाह आणि ऑक्सिजनचा खर्च, दोन्ही मोजलं. बोटांना कंप दिल्यावर मेंदूच्या त्या भागातला रक्तप्रवाह 29 टक्के वाढला, ऑक्सिजनचा वापर जेमतेम 5 टक्के.

मग सगळीकडे पेटच का नको? त्यातला किरणोत्सारी ऑक्सिजन दोन मिनिटांत निम्मा होतो. तो तयार करणारा सायक्लोट्रॉन शेजारीच लागतो. अवरक्त प्रकाशाची टोपी सुटसुटीत खरी, पण तिला मेंदूचा वरचा थरच दिसतो.

म्हणून एफएमआरआय भंगारात काढा, हेही मला मान्य नाही. गाठ काढण्याआधी रुग्णाचं बोलणं मेंदूत कुठे वसलंय हे शोधायला शल्यचिकित्सक त्याचा आधार घेतात. ‘कुठे’ला ते बऱ्यापैकी उत्तर देतं, ‘किती’ला नाही. ‘किती’ हवं असेल तर रक्तप्रवाह वेगळा मोजावा, कार्बन डायऑक्साइड हुंगवून यंत्राचं माप लावून घ्यावं, मग आकडा सांगावा. कटकट आहे, पण हिशेब तिथेच जुळतो.

चित्राला भुलण्याची किंमत आपल्याकडे मोजून झाली आहे. 2008 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने खून खटल्यात मेंदूच्या विद्युतलहरींची चाचणी पुराव्यात धरली. यंत्र वेगळं, भाबडेपणा तोच. अशा चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2010 रोजी दिला.