एक बोट अधिक

परवा देवास गेटजवळच्या एका दुकानी आम्ही आमचा मराठी लेख संगणकावर उतरवून घेतला. आम्ही लिहिले होते ‘काळ बदलला’. कागदावर उमटले ‘काल बदलला’. हिंदीला सरावलेल्या त्या तरुणास ‘ळ’ कोठे असतो हेच ठाऊक नव्हते. वास्तविक इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘ल’ आणि ‘ळ’ एकाच कळीवर नांदतात. ‘ळ’साठी शिफ्टची कळ तेवढी सोबत दाबावी लागते. म्हणजे अक्षर यंत्रात आहे. ते उमटविण्यास एक बोट अधिक लागते, इतकेच.

लेखणीवर पोट असल्याने आम्ही हिंदीतही लिहितो आणि त्याचा आम्हांस खेद नाही. उज्जैनीत शिकलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे थोर कवी झाले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले आणि १९७९ साली त्यांच्या मराठी ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. एकाच घराने दोन्ही भाषांची सेवा केली.

वाचकहो, आपली मुले हिंदी टंकन शिकत असतील तर अवश्य शिकू द्यावीत. मात्र ती दुसरी कळ त्यांना एकदा घरीच दाखवावी; बाहेर ती कोणी दाखविणार नाही.